उभीवर शिक्का

मतदान फक्त बायकांचं होतं, म्हणून काटेलपाड्यातल्या पुरुषांना शनिवारी सकाळपासूनच बायकांची फार काळजी वाटायला लागली. जन्मभर बसल्या जागेवरून पाण्याचा तांब्या मागणारे नवरे स्वतः उठून पाणी प्यायले, आणि एकदोघांनी तर बायकोलाही विचारलं. रविवारी शाळेत पेटी लागणार होती. कागदावर दोन बाटल्या, एक उभी आणि एक आडवी. गावातल्या एकूण बायका-मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला, तर फाट्यावरचं सरकारमान्य देशी दारूचं दुकान बंद. न मारला, तर चालू.

रंभाबाईने या भानगडीत पडायचं नाही असं दोन महिन्यांपूर्वीच ठरवलं होतं. त्या दुकानाच्या गल्ल्यावर तिचा धाकटा मुलगा कमलेश बसत असे, आणि दुकान बंद करायला निघालेल्या बायकांची पुढारी होती तिची थोरली सून दीपा. समाजमंदिरात दीपाची सभा भरली की रंभाबाई शेळ्या घेऊन टेकडीवर जायची. कमलेशने पाड्यात वडापाव वाटले तेव्हा तिचे दात दुखत होते. एवढ्या सगळ्या प्रचारातलं एकच वाक्य तिच्यापर्यंत पोचलं होतं. समाजमंदिराच्या भिंतीवर दीपाने गेरूने हातभर अक्षरांत लिहिलं होतं, ‘आडवा नवरा उभा करा’. रंभाबाईच्या मुलीने, तेजलने, ते वाचून दाखवलं तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसली होती, आणि येता-जाता त्या भिंतीकडे कौतुकाने बघायची.

तेजल पालघरला वकिली शिकायची. मत द्यायला म्हणून ती शनिवारीच घरी आली आणि दुपारच्या जेवणाला सगळं घर एकत्र बसलं. बन्सीने, म्हणजे रंभाबाईच्या नवऱ्याने, दांडीहून सुके बोंबील आणले होते. थोरला अंकुश भिंतीला टेकून खाली मान घालून जेवत होता. तारापूरच्या ज्या कंपनीत तो पंप चालवायचा, तिथल्या साहेबाने त्याला महिनाभर घरी बसवलं होतं. दुसऱ्या पाळीला तो पिऊन गेला आणि चालू भट्टीशेजारी झोपला होता. वॉल्व्ह वेळेवर बंद केला तो शेजारच्या हेल्परने.

भात वाढून होतो न होतो तोच तेजलने विषय काढला. “वहिनी, मत मी तुलाच देणार, पण मला हे पटत नाही. बंद करून काय होतं? माणसाला नशा लागतेच. उलट सगळं कायदेशीर करावं. मोहाची, ताडी, गांजासुद्धा. वय बघून द्यावं, मापात द्यावं, आत काय आहे ते वर लिहावं. चोरून मिळतं तेव्हाच माणूस मरतो.”

“गांजासुदा?” बन्सीने बोंबलाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. “पालघरात चाखलास काय?”

तेजलने आईकडे बघितलं आणि मग भाताकडे. “एकदा. मैत्रिणीच्या खोलीवर.”

“मंग?”

“हसले. मग भूक लागली. मग झोपले.”

“एवढ्यासाठी कॉलेजात घातली तुला? हे तर मी घरच्या घरी करतो.”

रंभाबाईने पोरीला रागवायला हवं होतं, पण तिला आधी चौकशी करायची होती. “सोबत कोन होतं?”

“आम्ही तिघीच. दार लावून. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती.”

“म्हंजे नीट केलंस,” बन्सी म्हणाला.

“नीट करणाऱ्यांचा प्रश्नच नाही बाबा,” दीपा म्हणाली. ती वैतरण्याकडची, बारावी झालेली, आणि रागावली की फार शुद्ध बोलायची. “तेजल, तू म्हणतेस तो कायदा इथे आहेच की. फाट्यावरच्या दुकानात परवाना आहे, काचेची फ्रेम करून लावलाय. वय लिहिलंय, वेळ लिहिलीय. त्याच फ्रेमच्या खाली तुझा भाऊ पडला होता. मी त्याला उचलायला गेले तेव्हा सगळं वाचून काढलं.”

अंकुशने भात कालवायचं थांबवलं, पण वर बघितलं नाही.

“वहिनी, तुमी दुकान बंद करा खुशाल,” कमलेश म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग कमी आणि गिऱ्हाईक पटवायची सवय जास्त. “लोक ताक प्यायला लागनार काय? दमणचा माल येल पिशवीतून. त्यात काय घातलंय ते कोन तपासनार? गुजरातेत बंदी हाय, तर तिकडच्या गाड्या शनवार-रईवार कुठं जातात, विचारा कोनालाबी. माझ्या दुकानात निदान सीलबंद तरी मिळतं.”

“हे बरोबर आहे त्याचं,” तेजल म्हणाली.

“तू कोणाकडून आहेस?” दीपाने विचारलं.

“मी तत्त्वाकडून आहे.”

“तत्त्व उद्या मतदानाला येणार आहे का?”

बन्सी हसला आणि त्याने आपल्या बापाची गोष्ट काढली. ती तो दर जेवणाला काढायचा. जिव्याला मोहाची दारू काढली म्हणून पोलीस हंड्यासकट धरून घेऊन गेले होते, आणि त्याच जिव्याच्या नातवाला आता सरकार खुर्चीवर बसवून दारू विकायला लावतं. “माजा बाप चाळीस वर्सं लवकर जन्मला. आज असता तर म्यानेजर झाला असता.”

रंभाबाईला त्या गोष्टीत जिव्या कधीच आठवत नसे. तिला आठवायची सासू सोमी. लग्नाच्या मांडवात मोहाची दारू सोमी ओतायची. पहिले थेंब जमिनीला, मग देवाला, मग माणसाला. कोणाला किती ते तिचं तिला माहीत असायचं, आणि तिने एकदा भांडं बाजूला ठेवलं की नवरदेवाच्या बापालाही मिळत नसे. पाटील मागायला आला तर त्याला म्हणायची, घरी जा, बायको वाट बघते. रंभाबाई स्वतः रोज संध्याकाळी ताडीचा एक गिलास घ्यायची आणि त्यात तिला लाजण्यासारखं काही वाटत नव्हतं. प्यायची गोष्ट माणसाने प्यावी, एवढं तिला कळायचं. पण हा गल्ला, ही जाळी आणि त्या जाळीतून बाहेर येणारा हात, हे तिला कळत नव्हतं. म्हणून तिने विचारलं.

“कमलेश, तू कधी कोनाला पुरे म्हनलास?”

“गिऱ्हाइकाला पुरे कसं म्हननार, आई?”

“अंकुशला?”

कमलेश पाणी प्यायला.

“त्या दिवशी किती दिल्यास त्याला?”

उत्तर अंकुशने दिलं. सकाळपासून तो पहिल्यांदाच बोलत होता. “तीन क्वार्टर. चौथी मागितली तर म्हनला, तुजी पाळी हाय ना आज, उशीर होईल. मंग ही पार्सल ने.”

 

दीपाने आपलं ताट उचललं. “आता सगळे बसलेच आहात तर सांगते. उद्या दुकान बंद झालं नाही तर मी बोईसरला जाते. खोली बघून ठेवलीय. मुलगी वसतिगृहात आहे, तिला सुट्टीला तिकडेच बोलवीन. त्या दिवशी वॉल्व्ह उघडा राहिला असता तर हा एकटा गेला नसता. पाळीवर चाळीस माणसं होती. मला दारात बसून ती बातमी ऐकायची नाही.”

“मी येऊ?” अंकुशने विचारलं.

“येताना फाटा ओलांडावा लागतो. तेवढं जमलं तर ये.”

रंभाबाईने उचललेला घास ताटात परत ठेवला. तिला तीन मुलं झाली होती, पण बोलायला माणूस मिळालं ते दीपा घरात आल्यावर. चौदा वर्षं दोघी एका चुलीपाशी बसून सगळ्या पाड्याची टवाळी करत आल्या होत्या. रंभाबाई आजारी पडली तेव्हा पोटच्या पोरांनी डॉक्टरला फोन केला होता आणि दीपाने तिला न्हाऊ घातलं होतं. ही गेली तर या घरात ती आणि तीन बाप्ये उरणार होते. रंभाबाईचं कोणाकडूनही न असणं त्याच क्षणी संपलं.

पण हे दीपाला सांगायला तिची जीभ उचलली नाही. दोन महिने शेळ्यांमागे लपलेली बाई आज एकदम काय म्हणून सांगणार? त्यापेक्षा करून दाखवावं, असा तिने विचार केला आणि ऊन उतरल्यावर ती साखरबाईच्या ओट्यावर गेली.

पाड्यातल्या म्हाताऱ्या तिथे रोज जमायच्या. दीपाच्या सभांना या सगळ्या गेल्या होत्या, कारण तिथे चहा मिळायचा.

“बरी आलीस रंभे,” साखरबाई म्हणाली. “उद्या कुठल्या बाटलीवर मारायचा गं? दीपाने सांगितलं होतं, पन मी तवा बिस्किट बुडवत होते.”

कोणी रंभाबाईला कोड्यात अडकवू शकत नाही अशी तिची पाड्यात ख्याती होती, आणि तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास होता. तिने कागदाचा नमुना हातात घेतला, दोन्ही बाटल्या लांब धरून बघितल्या आणि विचार केला. “भिंतीवर काय लिवलंय?”

“आडवा नवरा उभा करा,” तीनचार जणी एकदम म्हणाल्या. ते सगळ्यांनाच पाठ होतं.

“आडवा म्हंजे कोन?”

“पिऊन पडलेला.”

“आनि उभा?”

“शुद्धीवरचा.”

“मंग आपल्याला घरात कोन पायजे?”

“उभा.”

“मंग मारा उभीवर.”

जिवलीला मात्र शंका होती. “पन पोरी तर रस्त्यानं आडवी आडवी वरडत गेल्या.”

“त्या दुखनं सांगतात गं. डागदरकडं जाऊन आपुन ताप ताप म्हनतो, म्हंजे आपल्याला ताप पायजे असतो काय?”

जिवलीने मान डोलावली. रंभाबाई धरून त्या चौदा जणी होत्या, आणि चौदाही जणींना जन्मात पहिल्यांदाच सरकारी कागद समजला होता.

रविवारी नऊ वाजता रंभाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून त्यांना शाळेत घेऊन गेली. फाटकापाशी कमलेश उभा होता. आईच्या मागे ही रांग बघून त्याचा चेहरा पडला. शाळेपासून लांब आंब्याखाली दीपा उभी होती. तिने एक एक करून डोकी मोजली, मग सासूकडे बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. रंभाबाईने बघितलं न बघितलंसं केलं, पण रांगेत ती जरा ताठ झाली. आत जाऊन तिने उभ्या बाटलीवर शिक्का मारला, मग तिच्या मनात आलं की नीट उमटला नसेल, म्हणून त्यावर फुंकर मारली.

चार वाजता मोजणी झाली. मतदानाचा साहेब शाळेच्या पायरीवर आला आणि कागद वाचायला लागला. एकूण स्त्री मतदार सहाशे चाळीस. दुकान बंद व्हायला आडवीला तीनशे एकवीस मतं लागत होती. आडवीला तीनशे दहा. उभीला त्रेपन्न. प्रस्ताव नामंजूर, आणि पुन्हा मागायचा तर वर्षभराने.

अकरा मतं कमी पडली होती. आंब्याखालच्या पोरी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि फाटकाजवळच्या पुरुषांनी शिट्ट्या मारल्या. त्या गोंधळात साखरबाईचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला, कारण ती कानाने कमी असल्यामुळे नेहमीच सभेत बोलल्यासारखी बोलायची.

“अगं पन हरलो कसं? आमी चौदाजनींनी तर उभीवरच मारला, रंभेनं सांगितला तसा.”

दीपा वळली. हिशेब करायला कोणाला बोटं लागली नाहीत. रंभाबाईच्या डोक्यात दोन्ही बाटल्या जागच्या जागी फिरल्या.

पहिला धावत आला तो कमलेश. त्याने सगळ्यांदेखत आईच्या पायांवर डोकं ठेवलं. “आई, तू बोलत नव्हतीस तवाच मला वाटलं, म्हातारीच्या मनात कायतरी हाय.”

“चूक झाली रं,” रंभाबाई म्हणाली.

“हो हो, चूक झाली,” कमलेश म्हणाला आणि त्याने डोळा मारला. आजूबाजूचे सगळे हसले.

घरी जाईपर्यंत ती पाड्याची पुढारी झाली होती. ज्या बाप्यांनी कधी तिच्याकडे मान वळवली नव्हती ते वाटेत हात जोडत होते. सुनेला तोंडावर एक शब्द न बोलता तिचे हात बांधले, म्हाताऱ्यांचा कळप घेऊन गेली, काय तो डाव. बन्सीला तर अभिमानाने राहवेना. “चवरेचाळीस वर्सं संसार केला, पन बाई एवढी पोचलेली हाय ते आज कळलं.” ती सारखी सांगत होती की मला कळलं नाही, मी उलटं समजले. जितकं सांगावं तितके लोक जास्त हसायचे. तेजलने तिला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, “आई, मला तरी खरं सांग.” रंभाबाईला पोरीच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

दीपा आतल्या खोलीत पिशवी भरत होती. रंभाबाई दारात उभी राहिली.

“मी उलटा समजले गं. तूच लिवलंस ना भिंतीवर, आडव्याला उभा करा.”

“माझ्यावर ढकलू नका, आई.”

“ढकलत नाय. मला वाटला, उभी म्हंजे शुद्धीवरची.”

दीपाने पोलकी घडी करून पिशवीत ठेवली. “चौदा वर्षांत मी तुम्हाला चुकताना बघितलं नाही. बाजारात नाही, माणसात नाही. सगळा पाडा तुमच्याकडे अक्कल विचारायला येतो. आणि चुकायला तुम्हाला नेमका आजचा दिवस सापडला? कमलेशभाऊजी तुमचा मुलगा आहे. मी समजू शकते. सकाळी मात्र मला वाटलं होतं…” ती पुढे बोलली नाही. पिशवीची चेन अडकली होती, ती तिने दातांनी ओढली.

अंकुश ओट्यावर उभा होता. “मी सोडायला येऊ फाट्यापर्यंत?” त्याने विचारलं. दीपाने मान हलवली. नको म्हणून, की काय माहीत म्हणून, ते त्याला कळलं नाही आणि तो तिथेच उभा राहिला.

दीपा अंगण ओलांडून गेली तशी रंभाबाईच्या लक्षात आलं की आता ती काहीही बोलली तरी हुशारीच ठरणार. रडली असती तर नाटक ठरलं असतं. चूक झाली असं मानायला या पाड्यात एकही माणूस तयार नव्हतं, कारण मूर्ख बाईपेक्षा कपटी बाई त्यांना जास्त आवडली होती. तिला स्वतःचा इतका राग आला की काय करावं ते कळेना. मग तिने खुंटीवरची पिशवी काढली, त्यात दोन लुगडी कोंबली, रक्तदाबाच्या गोळ्या टाकल्या आणि मिश्रीची डबी घेतली.

“कुठं निघालीस?” बन्सीने विचारलं.

“बोयसरला.”

“आनि जेवन?”

“तांदूळ डब्यात हायत. शिजवायचं कमलेशला विचार, त्याच्याकडं परवाना हाय.”

कमलेश अजून हसतच होता, पण आता जरा कमी. “आई, गंमत पुरे. तू सोता ताडी पितेस की. तुला कशाला त्या दुकानाचा राग?”

“पिते. बोयसरला गेल्यावरबी पिईन.” तिने पिशवी खांद्यावर टाकली. “तुज्या भावाला तू पार्सल दिलीस. ते मी पिऊन इसरनार हाय काय?”

फाट्यावर रविवारची गर्दी होती. दुकानासमोर लोक जिंकल्यासारखे पीत होते, आणि रंभाबाईला येताना बघून कोणीतरी तिच्या नावाने ओरडलं. टमटम थांबली होती. दीपा पिशवी घेऊन गाडीशेजारी उभी होती. रंभाबाई पाच पावलांवर थांबली. एवढं चालून तिला धाप लागली होती.

“आता काय?” दीपाने विचारलं.

“येते तुज्यासंगं.”

“आई, तुम्ही खरंच चुकलात, की मुद्दाम केलंत, ते मला अजून कळत नाही.”

“नको कळू दे. खोलीत न्हानी हाय ना?”

 दीपा सासूच्या पायांकडे बघत होती. रंभाबाईच्या एका पायात तिची स्वतःची चप्पल होती आणि दुसऱ्यात बन्सीची, आणि हे तिला अजून समजलं नव्हतं.

टमटमवाल्या रामूने गाडी चालू केली. “वैनी, एकच सीट ना?”

“दोन,” दीपा म्हणाली आणि आत सरकली.